माळाची माती कुणासाठी सुधारायची?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई ६१ वर्षांच्या, पुण्यात राहणाऱ्या निवृत्त परिचारिका. माहेरच्या वाटणीत त्यांना इंदापूर तालुक्यातला एक एकर मुरमाड माळ मिळाला आहे. वीस वर्षांत त्यात नांगर गेलेला नाही. शेजारचं रान धाकटा भाऊ कसतो. माळावर ससे, तितर, होले, मोर दिसतात, अधूनमधून चिंकारा येऊन जातो. वडील खळ्यावरची रास उचलताना चार मुठी बाजरी पाखरांसाठी मागं ठेवायचे. त्यांच्या आठवणीनं निम्म्या जागेत, म्हणजे २० गुंठ्यांत, फक्त रानातल्या जिवांसाठी काही पेरावं असं ताईंच्या मनात आहे. भाच्यानं त्यांना अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. हरणांसाठी चाऱ्याचे छोटे तुकडे कसे तयार करायचे, ते त्यात आहे: माती तपासा, चुना टाका, खत द्या, क्लोव्हर (चाऱ्याची एक शेंगवर्गीय वनस्पती) पेरा. ताईंनी बांधाजवळची आणि मधल्या बाभळीखालची माती एकत्र करून तपासायला दिली. अहवालात सामू (पीएच) ८.३, क्षारता ०.२२, सेंद्रिय कर्ब ०.२८ टक्के, चुनखडी ११ टक्के. हेक्टरी नत्र १३२ किलो, स्फुरद (फॉस्फरस) ९, पालाश (पोटॅश) ३६०. लोह आणि जस्त कमी. खतांच्या दुकानदारानं तलावातल्या गाळाच्या वीस खेपा, युरिया आणि डीएपी सुचवलं आहे. भाऊ म्हणतो, “ताई, मोर आणि डुकरं आधीच पीक ठेवत नाहीत, त्यात तू त्यांना जेवायला बोलावतेस.” माती इतकी वाईट आहे तर सुधारणेला सुरुवात कुठून करू, चुना किती टाकू आणि भावाला कसं समजावू, हे ताईंचे तीन प्रश्न.

ताई,

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात घाई झाली तर नुकसान आहे. चुना अजिबात टाकू नका. एक किलोसुद्धा नाही.

भाच्यानं दाखवलेले व्हिडिओ खोटे नाहीत, ते दुसऱ्या मातीचे आहेत. अमेरिकेच्या पूर्व भागात पाऊस भरपूर, त्यानं मातीतला चुना धुपून गेलेला, म्हणून तिथल्या बऱ्याच जमिनी आम्लधर्मी. अशा मातीत क्लोव्हर नीट येण्यासाठी एकरी टना-टनानं चुना घालावा लागतो. शिवाय तिथले हे तुकडे बहुतेक शिकारीच्या हंगामाच्या हिशेबानं केलेले असतात: शेपटीखाली पांढरं असलेलं त्यांचं हरीण ठरलेल्या जागी यावं, धष्टपुष्ट व्हावं, त्याची शिंगं मोठी व्हावीत. तुमच्या मनात यातलं काहीच नाही. आणि तुमचा माळ काळ्या बसाल्ट खडकाच्या मुरमाचा, पावसाच्या सावलीतला, वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरचा. इथं चुना धुपत नाही, खाली साचतो. खणताना मुरमात पांढरे खडे लागतात ना, तो चुनाच. खात्री करायची तर सुक्या मातीच्या चिमटीवर लिंबाचे चार थेंब पिळा. कान जवळ नेलात तर फसफस ऐकू येईल, बारीक बुडबुडे दिसतील. ११ टक्के चुनखडीच्या मातीत आणखी चुना घातला की लोह, जस्त, स्फुरद आणखी अडकून बसतात आणि पानं शिरा सोडून पिवळी पडतात.

आता ‘माती इतकी वाईट आहे’ या वाक्याकडे येते. अहवालात ‘वाईट’ हा शब्द नाही. ‘कमी’ आहे. कमी म्हणजे ऊस, गहू, कांदा, संकरित मका या पिकांना हवं त्यापेक्षा कमी. प्रयोगशाळेनं तुम्हाला विचारलं असणार, ‘पुढचं पीक कोणतं?’ आणि तुम्ही काहीतरी लिहिलं असणार. त्या रकान्यात ‘तितर’ लिहायची सोय नसते. म्हणजे मातीला विचारलेला प्रश्न शेतकऱ्याचा होता, उत्तरही शेतकऱ्यासाठी आलं. तुमचं पीक वेगळं आहे.

त्याआधी नमुन्याबद्दल बोलायला हवं. बांधाजवळची माती आणि बाभळीखालची माती, या दोन्ही जागा नमुन्यासाठी वर्ज्य आहेत. बांधाला धुपून आलेला गाळ साठतो. बाभळीखाली पाला कुजतो, शेळ्या बसतात, आणि बाभूळ स्वतः शेंगवर्गातली, तिच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात. म्हणजे तुमचा ०.२८ कर्ब हा माळाचा चांगला चेहरा आहे, उघड्या मुरमाचा आकडा त्याच्याही खाली असेल. अहवाल फेकून देऊ नका, पण त्याच्या भरवशावर गाळाचा आणि खतांचा मोठा खर्चही ठरवू नका.

नमुना पुन्हा घ्या, एप्रिल-मेमध्ये. आधी जमिनीवरून नुसतं फिरा. एका एकरातही माती एक नसते. वरच्या अंगाला टेकाडाचा तांबूस मुरूम असेल, खालच्या अंगाला ओघळीच्या बाजूनं हातभर काळसर माती जमली असेल. चालताना पायालाच कळतं, वर खडे रुततात, खाली भेगा दिसतात. या दोन पट्ट्यांचे नमुने वेगळे. प्रत्येक पट्ट्यात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. वरचा पालापाचोळा हातानं बाजूला सारून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर, खड्डा घ्या आणि त्याच्या एका बाजूची दोन बोटं जाडीची चकती वरपासून खालपर्यंत खरवडून घमेल्यात घ्या. लोह-जस्त तपासायचं असेल तर गंजकं खुरपं नको, लाकडी काडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी बरी, घमेलंही प्लॅस्टिकचं. सगळी माती गोणपाटावर ओतून खडे वेचा, ढेकळं फोडा, गोल पसरा, बोटानं अधिक चिन्ह काढून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. उरलेलं पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. उन्हात नाही, सावलीत वाळवा. कापडी पिशवीत भरून गट क्रमांक, पट्ट्याचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी आत एक, बाहेर एक. जिल्ह्याची मृद चाचणी प्रयोगशाळा किंवा जवळचं कृषी विज्ञान केंद्र, दोन्ही चालतील. मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासून आहे, त्यात सामू, क्षारता, कर्ब आणि नत्रापासून बोरॉनपर्यंत एकूण बारा गोष्टी तपासून मिळतात.

एक गोष्ट मात्र पत्रिकेत येत नाही, ती तुम्हालाच पाहायची आहे: खोली. दोन्ही पट्ट्यांत पहारीनं खड्डा घ्या. कुठं खण्णकन वाजतं? चार बोटांवर मुरूम लागला तर त्या जागेला खतानं काही होणार नाही, मुळांना जायला जागाच नाही. मग त्याच खड्ड्यात बादलीभर पाणी ओता आणि घड्याळ लावा. मुरमाड पट्ट्यात पाणी बघता बघता जिरेल, खालच्या काळ्या पट्ट्यात तासन्‌तास उभं राहील. जी जमीन पाणी धरत नाही तिला युरिया घालणं म्हणजे पहिल्या मोठ्या पावसात तो ओघळीला लावणं.

बाकीचे आकडे थोडक्यात. सामू ८.३ आपल्या दख्खनच्या चुनखडी जमिनीला नेहमीचाच. क्षारता एकच्या आत आहे, म्हणजे मिठाचा त्रास नाही. पालाश ३६० म्हणजे भरपूर, आपल्या खडकातच तो असतो, त्यावर खर्च नको. नत्र आणि स्फुरद खरोखरच कमी आहेत. आणि कर्ब कमी आहे.

कर्बाचा हिशेब एकदा मांडून बघा, म्हणजे दुकानदाराच्या बोलण्याचं वजन कळेल. एका गुंठ्याच्या वरच्या वीतभर मातीचं वजन वीस-बावीस टन भरतं. तिचा कर्ब ०.२८ वरून ०.३८ करायचा तर वीस-बावीस किलो निव्वळ कर्ब मातीत टिकून राहायला हवा. शेतीच्या शिफारशीप्रमाणं हेक्टरी पाच टन, म्हणजे गुंठ्याला ५० किलो चांगलं कुजलेलं शेणखत घातलंत, तर त्यातून पाच-सहा किलो कर्ब जातो आणि त्यातलाही बराचसा आपल्या उन्हाळ्यात हवेत उडून जातो. म्हणजे हे काम एका हंगामाचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. पोत्यातून ते होत नाही. मुळांमधून होतं, आणि तुमच्या माळावर ते वीस वर्षं कुणी न सांगता चालू आहे.

म्हणून मी तुम्हाला विचारते: २० गुंठे नांगरायचे कशाला?

माझ्या हातून झालेली चूक सांगते. आमच्या घरच्या जमिनीत अशीच एक माळाची पट्टी होती, कुसळीची. पाखरांसाठी म्हणून मी तिच्यावर तलावाचा गाळ पसरला, पाळी घातली, ज्वारी पेरली. पहिल्या वर्षी कणसं चांगली भरली, पाखरंही आली, मी खूष झाले. दुसऱ्या वर्षी मला जमलं नाही, पट्टी पडून राहिली. जूनच्या पावसानंतर जाऊन पाहते तर कमरेएवढं गाजरगवत, एका सपाटीत, पांढऱ्या फुलांनी डवरलेलं. गाळाबरोबर बी आलं होतं आणि भुकेल्या मातीत अचानक आलेलं नत्र त्यानं सगळ्यात आधी उचललं होतं. त्या पट्टीवर दर वर्षी चंडोल घरटं करायचा. गवताच्या बुडख्याशी, गाईच्या खुराएवढ्या खळग्यात, चार काड्यांची वाटी. नांगरटीत ते बुडखेच गेले. चंडोल पुन्हा आला, पण शेजारच्या न नांगरलेल्या माळावर.

माळाच्या गवतांची रीतच अशी आहे की त्यांना उपाशी माती मानवते. पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी ही सगळी थोड्या नत्रावर, थोड्या पाण्यावर जगायला शिकलेली. माती श्रीमंत केली की त्यांच्यावर मात करणारी, भराभर वाढणारी एक-दोन तणं सगळी जागा घेतात. हे फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडमध्ये रोथमस्टेड इथं १८५६ पासून एका कुरणावर प्रयोग चालू आहे. तिथं खत न मिळालेल्या तुकड्यांत आजही डझनांनी जाती एकत्र वाढतात आणि वर्षानुवर्षं अमोनियाचं खत मिळालेल्या तुकड्यांत गवत दाट, पण जाती मोजक्याच. जितक्या जाती, तितक्या वेळा बी पिकतं, तितके प्रकारचे किडे. माळावरच्या जिवांना हेच हवं असतं. तितर, लावा, सुगरण ही दाणे खाणारी पाखरं म्हणून आपण ओळखतो, पण त्यांची पिल्लं पहिले दिवस किड्यांवर वाढतात. नाकतोडे, अळ्या, वाळवी. कणसानं त्यांचं पोट भरत नाही. चिंकाऱ्याला बोराटीचा पाला, बोरं, बाभळीच्या शेंगा आणि कोवळं गवत हवं. सशाला गवत. यातलं काय तुमच्या माळावर आज नाही?

आपण अशा जमिनीला पडीक म्हणतो. सरकारी कागदांतही माळरानं कित्येक वर्षं पडीक म्हणूनच मोजली गेली, म्हणून त्यांच्यावर झाडं लावा, चर खणा, काहीतरी करा असा आग्रह होतो. तुमच्या तालुक्यातलं कडबनवाडीचं गवताळ रान, शेजारच्या बारामतीतलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळचं रेहेकुरीचं काळविटांचं अभयारण्य, यांतल्या एखाद्या ठिकाणी डिसेंबरात सकाळी जाऊन उभ्या राहा. अशाच उथळ, मुरमाड, अहवालात ‘कमी’ भरणाऱ्या मातीवर तिथले चिंकारे आणि काळविटं जगतात.

मग तुम्ही काहीच करू नये का? तसं मी म्हणणार नाही. वडिलांच्या चार मुठी बाजरीला मोल आहे, आणि तुम्हाला हातानं काही पेरायचं आहे, तेही मला कळतं. माझा सल्ला असा की २० गुंठ्यांतले १५ गुंठे वरच्या मुरमाड अंगाचे गवताला ठेवा, आणि खालच्या काळसर पट्टीतले पाच गुंठेच पिकाला घ्या. माती सुधारायची ती या पाचांतच.

गवताच्या १५ गुंठ्यांत नांगर, खत, गाळ काही नको. दोन पावसाळे चराई थांबवा, एवढं केलं तरी दबलेले बुडखे फुटतात. जिथं अगदी उघडा मुरूम आहे तिथं दिवाळीच्या आसपास जवळच्याच माळावरचं पक्व बी हातानं ओरबाडून आणा, बाजारातलं परक्या चाऱ्याचं नको. माती, शेण आणि बी कालवून बोराएवढे गोळे करा, ते मृगाआधी टाका. कुसळीला तर तेवढंही करावं लागत नाही. तिचं एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडून बघा. पिळे उलगडत ते स्वतःभोवती फिरायला लागतं, आणि त्याचं टोकदार बी असंच जमिनीत मळसूत्रासारखं उतरतं. उतारावर पाणी पळत असेल तर वेचलेल्या दगडांच्या गुडघ्याखालच्या ओळी उताराला आडव्या लावा; यंत्रानं चर खणू नका. गवत कापायचं असेल तर बी झडल्यावर, डिसेंबरनंतर, आणि तेही निम्मं. उरलेलं निम्मं उन्हाळ्यात ससा आणि तितर यांना लपायला लागतं. कडेनं वणव्यासाठी दोन-तीन मीटर रुंद पट्टा मात्र साफ ठेवा. बोराटी, हिवर, तरवड, नेपती उगवत असतील तर राहू द्या. गाजरगवत, घाणेरी आणि वेडी बाभूळ मात्र फुलावर यायच्या आत मुळासकट उपटा, पावसानंतर माती ओली असताना सहज निघतात.

पाच गुंठ्यांत पहिल्या पावसाळ्यात ताग पेरा, तीन किलो बी पुरेल. दीड महिन्यानं पिवळी फुलं दिसायला लागली की तिथंच गाडा. कर्ब आणि नत्र दोन्हीची सुरुवात यातून होते. वर गुंठ्याला ५० किलो कुजलेलं शेणखत, म्हणजे सगळं मिळून अडीचशे किलो. भावाच्या गोठ्यातून मागा. लोह-जस्त खरंच कमी निघालं, तर थोडं हिराकस (लोहाचं सल्फेट) आणि झिंक सल्फेट त्याच शेणखतात आठवडाभर मुरवून घाला. चुनखडीच्या जमिनीत नुसतं टाकलेलं वाया जातं. युरिया, डीएपी यांची गरज नाही. पहिल्या वर्षी त्याच ओलीवर हस्त-चित्रात मालदांडी ज्वारी टाका. आपल्या मोहोळला निवडून काढलेलं हे वाण कमी पाण्यावर येतं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभं राहतं. त्याच दिवसांत पश्चिम आशियातून आलेले काळ्या डोक्याचे भारीट पक्षी थव्यानं ज्वारीवर उतरतात. पुढच्या पावसाळ्यात हुलगा, मटकी आणि थोडा राळा. हुलगा-मटकीच्या बियाण्याला रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी करणारे जिवाणू) आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं संवर्धक किलोला २५ ग्रॅम चोळा. तुमच्या मातीत स्फुरद आहे, चुन्यानं धरून ठेवलेला आहे, हे जिवाणू थोडाफार सोडवतात. असं आलटून पालटून चालू द्या. तीन वर्षांनी त्याच जागेचा नमुना पुन्हा द्या, त्याआधी आकड्यांत फरक शोधू नका. मातीची तब्येत त्याआधी डोळ्यांना दिसेल: पावसानंतर गांडुळांच्या विष्ठेचे बारीक ढीग, ढेकूळ हातात दाबलं की दगडासारखं न राहता दाण्यादाण्यांत सुटणं.

बियाण्याबद्दल कळकळीनं सांगते. दुकानातलं गुलाबी, निळं, हिरवं रंगवलेलं बियाणं घेऊ नका. तो रंग औषधाचा इशारा असतो. पेरल्यावर वर राहिलेले तसले दाणे टिपून मोर मेल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. तुम्ही ज्यांच्यासाठी पेरताय तेच पेरणीच्या दिवशी पहिले येणार आहेत. गावातलं, घरातलं, औषध न लावलेलं बी आणा. आणि या पाच गुंठ्यांवर किंवा त्याच्या बांधावर कीटकनाशक, उंदीरनाशक काही नको.

आता भावाविषयी. ताई, तो चुकीचं बोलत नाही. ‘आपण पेरलं की जनावरं तिकडे खातील आणि इतरांची पिकं वाचतील’ ही समजूत पुष्कळ चांगल्या माणसांची असते, पण तसं होत नाही. जवळ चांगलं खाणं आणि लपायला दाटी मिळाली की डुक्कर तिथं मुक्काम करतं आणि रात्री शेजारचंही खातं. तुम्ही महिन्यातून एकदा पुण्याहून जाणार, तो रोज तिथं आहे. नुकसान त्याचं होणार. म्हणून त्याला समजवायच्या आधी त्याला विचारा: डुकरं कुठल्या वाटेनं येतात, मोर कुठल्या महिन्यात त्रास देतात, तो काय पेरणार आहे. मग त्याच्या बांधापासून सगळ्यात लांबचा कोपरा पिकाला निवडा. मका, ऊस, भुईमूग, रताळी डुकराला ओढून आणतात, ती तुमच्या पाच गुंठ्यांत कधीच नकोत. दाणे, भाकरी, धान्य रोज नेऊन टाकण्याची सवय लावू नका, त्यानं जनावरं माणसाला धीट होतात आणि गावची कुत्री जमतात. चिंकाऱ्याच्या पाडसाला आणि जमिनीवरच्या घरट्यांना बिबट्यापेक्षा कुत्र्यांचं भय जास्त. आपल्या जमिनीत ज्वारी पेरणं हा गुन्हा नाही, पण वन्य प्राण्याला आमिष दाखवून बोलावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येतं. म्हणून फोटोसाठी दाणे टाकायला कुणी पाहुणे सुचवतील तर त्यांना नाही म्हणा.

त्याला एक शब्दही द्या: एका हंगामात डुकरं तुमच्या तुकड्यात मुक्कामाला आहेत असं दिसलं, तर ज्वारी लगेच कापून त्याच्या गोठ्यात कडबा म्हणून जाईल, आणि पुढच्या वर्षी पाचही गुंठे गवताला. हे लिहून दिलंत तरी हरकत नाही. आणि त्याचं पीक खाल्लं गेलं तर नुकसानभरपाईचा अर्ज वेळेत करणं, फोटो काढणं, कागद वनखात्यात पोचवणं, हे काम तुम्ही अंगावर घ्या. इतकी वर्षं दवाखान्यात कागदपत्रं सांभाळलीत, त्याला यात तुमचा खरा आधार होईल. दुकानदारानं सांगितलेला गाळही वाया जाऊ नये: तो पडायचाच असेल तर भावाच्या रानात पडू दे. त्याच्या पिकाला तो खरोखर उपयोगी आहे.

हेच करायची इच्छा असलेल्या बाकीच्या वाचकांना दोन गोष्टी. कोकणात, गोव्यात जांभ्याच्या मातीवर असाल तर वरचं चुन्याचं उत्तर उलटं होतं. तिथला सामू साडेपाच-सहाच्या आसपास असतो, आणि पिकाच्या तुकड्यात थोडा चुना अहवाल पाहून घालायला हरकत नाही. पण तिथं पेरण्यापेक्षा उंबर, करवंद, जांभूळ, आंबाडा यांची झाडं राखणं जास्त पाखरांच्या पोटात जातं. आणि विदर्भात जंगलाच्या कडेला शेत असेल तर मी पेरू नका असंच सांगेन. रोही (नीलगाय) आणि डुकरांच्या मागं वाघ येतो, आणि त्याची किंमत बहुधा शेजारच्या शेतात वाकून काम करणारी बाई देते.

शेवटी तुम्ही पत्रात न लिहिलेलं एक विचारते. माळाच्या कडेला जुनी विहीर आहे का, आणि तिला कठडा आहे का? पाण्याच्या ओढीनं आलेले चिंकारे, कोल्हे, लांडगे अशा उघड्या विहिरींत पडतात आणि रात्रभर पोहून मरतात. विहीर असेल तर माती तपासायच्या आधी, या मेच्या आत, कमरेएवढा कठडा बांधून घ्या. गाळाच्या खेपांसाठी काढलेल्या पैशांत तो सहज होईल.